पिवळ्या कागदावरची तीन शून्यं

आयोवातल्या न्यू डेल्डन गावच्या चर्चमध्ये शिरलं की आधी कोट टांगायच्या खुंट्या लागतात, पुढे कॉफीचं टेबल, आणि या दोहोंच्या मधल्या भिंतीवर एक फलक. फलकावर आजाऱ्यांची यादी, बाळंतिणींच्या घरी कुणी कोणत्या वारी जेवण पोचवायचं याची यादी, आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळा कागद. रविवारी सकाळी माणसं आधी आजाऱ्यांची यादी वाचायची, कारण ते शोभून दिसतं. मग हळूच पिवळ्या कागदासमोर घोटाळायची.

हा कागद अलिडा वियर्समाचा. वर सिनेमाचं नाव, खाली तीन आकडे: शिव्या इतक्या, जादूटोणा इतका, रक्तपात इतका. त्याखाली अभिप्रायाची एक ओळ आणि सही. एकोणीस वर्षांत तिने कुठल्याही सिनेमाला दुसरी ओळ दिली नव्हती. एकदा एक सिनेमा आला होता, त्यात एक कुत्रा आंधळ्या म्हाताऱ्याला बर्फाच्या वादळातून घरी आणतो. अख्ख्या आयोवाने रुमाल भिजवले. अलिडाच्या कागदावर होतं: शिव्या तीन (म्हाताऱ्याच्या अंगठ्यावर हातोडी बसते), जादूटोणा शून्य, रक्तपात एक (तोच अंगठा). अभिप्राय: कुत्रा चांगला आहे.

या मंडळीला पूर्वी सिनेमा वर्ज्यच होता. पत्ते, नाच आणि सिनेमा ही सैतानाची तीन भावंडं, असं लहानपणीच पाठ करून घेत. मग एका पिढीमागे वरच्या सभेने ठराव केला की सिनेमाचं ज्याचं त्याने आपापल्या विवेकाने ठरवावं. न्यू डेल्डनमध्ये विवेक भरपूर होता, पण तो या कामी वापरायची सवय नव्हती. सिनेमा बघावा की नाही हे बघितल्याशिवाय कळणार कसं? आणि बघून झाल्यावर कळून उपयोग काय? शेवटी मंडळीने तोड काढली. सगळ्यांच्या वतीने एकाने बघायचा आणि आकडे आणून द्यायचे.

तेव्हाच्या म्हाताऱ्या पाळकांनी अलिडाला निवडलं. ख्रिस्ती शाळेत बावीस वर्षं ती तिसरीच्या वर्गावर होती. फळ्याकडे तोंड असताना मागच्या बाकावर कोण काय चघळतोय ते तिला ऐकू यायचं. हे झालं चारचौघांत सांगायचं कारण. न सांगायचं कारण असं, की तिचा मुलगा लोवेल जाऊन तेव्हा तीन महिने झाले होते आणि बाई उपासनेखेरीज घराचा उंबरा ओलांडत नव्हती. आठवड्यातून एकदा तरी हिला चाळीस मैल गाडी चालवायला लावावी, असं पाळकांच्या मनात होतं.

अलिडाने ते काम शाळेसारखंच केलं. अंधारात कागदावर लिहिता येत नाही, आणि छोटा टॉर्च नेला तर लोक मागून हाका मारतात, हे पहिल्याच खेपेला कळलं. मग तिने गोळ्यांची पद्धत बसवली. न्यू डेल्डनमध्ये प्रवचन सुरू झालं की बाकाबाकावरून पेपरमिंटच्या पांढऱ्या गोळ्या फिरतात. प्रवचनाला मुद्दे तीन, म्हणून गोळ्या तीन. तशा गोळ्या ती कोटाच्या उजव्या खिशात भरून न्यायची. शिवी आली की एक पांढरी गोळी उजव्या खिशातून डाव्या खिशात. जादूटोण्याला गुलाबी, जाड. रक्ताला दालचिनीची लाल, लहान. अंधारात बोटांना बरोबर कळायचं. घरी येऊन डावा खिसा टेबलावर उपडा करायचा, की झालं काम. खिशासाठी कोट हवा, म्हणून जुलैतही कोट. थिएटरच्या दारावरची पोरं तिला कोटवाली आजी म्हणत. एका युद्धाच्या सिनेमाला लाल गोळ्या अर्ध्यातच संपल्या, तेव्हा तिने बाहेर जाऊन विकतच्या आणल्या आणि पोराला म्हणाली, "मी येईपर्यंत कुणाला मारू देऊ नकोस."

लोवेलबद्दल ती बोलत नसे. गावही बोलत नसे. पण गोष्ट सांगायची तर ती इथेच सांगायला हवी.

त्या गावात जेवणाला दोन्ही बाजूंनी प्रार्थनेचं कुंपण असतं. आधी प्रार्थना, मग ताट, मग शास्त्रातला एक अध्याय, मग पुन्हा प्रार्थना. अलिडाचा नवरा हार्लन वियर्समा, त्याच्या घरी तर दिवसातून तीनदा, एकही दिवस न चुकता. लोवेल सतरा वर्षांचा झाला त्या वसंतात त्याच्या वर्गातली नऊ मुलं विश्वासाची कबुली द्यायला मंडळीसमोर उभी राहायची होती. आठ उभी राहिली. लोवेल बसून राहिला. पाळकांनी विचारलं तर म्हणाला, "मला अजून नक्की माहीत नाही. माहीत नसताना हो कसं म्हणू?" मक्याच्या काढणीच्या दिवसांत त्याने जेवणाआधी मान झुकवणंही सोडलं. डोळे उघडे ठेवून तो बटाट्यांकडे बघत बसायचा. दुसऱ्याचे डोळे उघडे आहेत हे कळायला आपलेही उघडे असावे लागतात, हा मुद्दा त्या टेबलावर कुणी काढला नाही.

ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी, काढणीसाठी शाळेला सुट्टी असताना, दुपारी हार्लन प्रार्थना म्हणता म्हणता थांबला. आवाज न चढवता म्हणाला, "या घरात जो मान झुकवत नाही तो जेवत नाही."

लोवेल म्हणाला, "बरं."

एवढंच. खुर्ची सरकली. अलिडाचे डोळे मिटलेले होते, प्रार्थना अजून संपली नव्हती. जाळीच्या दाराची स्प्रिंग ताणल्याचा आवाज तिला आला, मग दार आपटल्याचा. हार्लनने उरलेली प्रार्थना म्हटली. आमेननंतर तिने लोवेलच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं आणि दोन्ही ओव्हनमध्ये ठेवली, मंद आचेवर. येईल तेव्हा खाईल.

अंगणात मका साठवायची पत्र्याची उंच, गोल कोठी होती. आतला मका ओलीने वरून थिजला होता, आणि खालून यंत्राने उपसा चालू होता. लोवेल ती थिजलेली साय फोडायला आत उतरला. मका खचला की माणसाला पाय टेकायला काही राहत नाही, तो आत ओढला जातो. शेजाऱ्यांनी कोठीचा पत्रा कापेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. ओव्हनची आठवण अलिडाला शुक्रवारी झाली.

न्यू डेल्डनमध्ये कुणी गेलं की दफनानंतर लोक ओळीने येतात, हात हातात घेतात आणि म्हणतात, "तो प्रभूच्या घरी पोचला." म्हाताऱ्यांबद्दल म्हणतात, तान्ह्यांबद्दल म्हणतात, दारू पिऊन मेलेल्या टेड कूईकरबद्दलही म्हणाले होते. लोवेलच्या वेळी तीनशेदहा माणसांनी अलिडाचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "फार कामसू पोरगा होता."

ताटाची गोष्ट तिघांनाच माहीत होती. अलिडाला, हार्लनला, आणि टेबलाच्या चौथ्या बाजूला बसलेल्या लोवेलच्या बारा वर्षांच्या बहिणीला, मर्नाला. तिघांनी ती एकोणीस वर्षं एकमेकांनाही सांगितली नाही. हार्लनने त्यानंतर जेवणाची प्रार्थना एकदाही चुकवली नाही, आणि तिच्यात एक शब्दही कमीजास्त केला नाही.

तो सिनेमा आला एका नोव्हेंबरात. एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला, चेटकिणी आणि बोलणारे पक्षी असलेला. तो येण्याआधीच त्याच्यापासून सावध करणारी पत्रकं आली. मर्ना आता दोन मुलांची आई होती, रविवारची शाळा चालवायची, चर्चची बस हाकायची, आणि काळजी करण्यात आईच्या वरताण होती. तिने पत्रक जेवणाच्या टेबलावर, हिरव्या जेलीच्या शेजारी ठेवलं. त्या जेलीत किसलेलं गाजर असतं म्हणून तिला इथे सॅलड म्हणतात.

"आई, हे वाच. लेखक देव मानत नाही म्हणे. पुस्तकात सरळसरळ लिहिलंय."

हार्लनने आयुष्यात एकच सिनेमा पाहिला होता, डुकरांच्या तापावरचा, खाद्य विकणाऱ्या कंपनीने फुकट दाखवलेला. तो म्हणाला, "देव मानत नाही, तर चेटकिणी कशा मानतो?"

"पप्पा, त्या गोष्टीतल्या आहेत."

"मग भांडण कशाला? गोष्टीतली चेटकीण गोष्टीतल्या पोराला खाईल."

"शाळेत निम्म्या पोरांनी पुस्तक लपवून वाचलंय," मर्ना म्हणाली. "माझ्या फोनला उसंत नाही. सगळ्यांचं एकच, अलिडाबाईंचे आकडे कधी येणार?"

"शनिवारी जाते," अलिडा म्हणाली. "जास्तीच्या गुलाबी गोळ्या घेते."

शनिवारी दुपारच्या खेळाला ती शेवटच्या रांगेत बसली. कोट, दोन्ही हात खिशात. पहिली दहा मिनिटं मोहीम नीट चालली होती, म्हणजे मोजण्यासारखं अजून काही आलं नव्हतं. एक पोरकी मुलगी, एक म्हातारी चेटकीण, एक लांबचा प्रवास. मग त्या दोघी एका डोंगराच्या पोटात उतरल्या.

तिथे मेलेली माणसं होती. लांबच लांब टेबलं, आणि टेबलांशी माणसं जेवायला बसलेली. प्रत्येकासमोर ताट, प्रत्येक ताटावर दुसरं ताट उपडं घातलेलं. कुणी हात लावत नव्हतं. काळे झगे घातलेले पुरुष हातात काठ्या घेऊन टेबलांमधून फिरत होते आणि हलक्या आवाजात म्हणत होते, अजून नाही. अजून नाही. कॅमेरा चेहऱ्यांवरून जात राहिला. म्हाताऱ्या, शिपाई, बाळं मांडीवर घेतलेल्या बाया. आणि एक उंच पोरगा, हात गुडघ्यांवर ठेवलेला, ताटाकडे बघणारा. चिडलेला नव्हता. नुसता थांबला होता.

पुढे चेटकिणीने काय काय केलं ते अलिडाने पाहिलं, पण मोजलं नाही. काठ्या मोडल्या, झगे पेटले. शेवटी ती म्हातारी त्या पहिल्या टेबलाशी आली, उपडं ताट उचललं आणि कंटाळल्यासारखी म्हणाली, "थांबलात कशाला? जेवा." आणि डोंगरभर चमचे वाजायला लागले.

दिवे लागले तेव्हा झाडू घेऊन आलेल्या पोराने तिला हलवलं. "आजी, संपला सिनेमा."

घरी तिने डावा खिसा टेबलावर उपडा केला. काहीच पडलं नाही. उजवा खिसा निघताना भरला होता तसाच होता.

पुन्हा जायला वेळ नव्हता, कागद सकाळी लागायला हवा होता. अंदाजाने आकडे घालता आले असते. पण जे डाव्या खिशात नाही ते कागदावर नाही, हा तिचा नियम होता. ती टाइपरायटरशी बसली. शिव्या: ०. जादूटोणा: ०. रक्तपात: ०. अभिप्रायाच्या ओळीशी बराच वेळ थांबली. मग लिहिलं: यात भुकेल्यांना जेवू घालतात.

तिने खोटं लिहिलं नव्हतं. पण तीन शून्यं एकोणीस वर्षांत कुणी पाहिली नव्हती. आंधळ्याच्या कुत्र्यालाही जमलं नव्हतं ते. रविवारी फलकासमोर इतकी गर्दी झाली की कॉफी थंड झाली. पत्रकं लिहिणारे ते शहरातले लोक, त्यांना काय कळतं, असं ठरलं. भुकेल्यांना जेवू घालतात म्हणजे दृष्टांतच असणार. गुरुवारी शिक्षकांच्या संमेलनामुळे ख्रिस्ती शाळेला सुट्टी होती. मर्नाने चर्चची बस काढली आणि एक्केचाळीस मुलं घेऊन गेली.

ती परतली तेव्हा मुलांना घरोघर सोडून थेट आईच्या स्वयंपाकघरात आली. हातमोजे काढले नाहीत. खुर्चीवर बसली, तीच तिची लहानपणची बाजू.

"आई, तू मोजलंच नाहीस."

"नाही."

"जादूटोणाच किमान चाळीस वेळा असेल. मागच्या रांगेतली लहान पोरं बसमध्ये रडत होती, मोठी गप्प होती. मला वाटलं तुला काही झालंय. झटका वगैरे. मग ती टेबलं आली." मर्नाने हातमोज्याचं एक बोट ओढलं, सोडलं. "मग मला कळलं."

अलिडा सिंकशी पाठमोरी उभी होती. म्हणाली, "तू तेव्हा लहान होतीस."

"बारा वर्षांची होते. माझे डोळे उघडे होते. जाताना त्याने ब्रेडचा एक तुकडा खिशात घातला, तुम्हा दोघांना दिसला नाही."

अलिडाने नळ बंद केला.

"ब्रेड घेतला होता?"

"हो. आणि कोटाच्या खिशात तसाच सापडला. मी तो शेडमागे पुरला. चोरी केली म्हणून पप्पा त्याला बोलतील असं वाटलं मला. तो गेलाय, तरी बोलतील म्हणून." मर्ना हसली, पण ते हसणं कुठे पोचलं नाही. "कोट धुवायला काढताना हाताला लागला होता."

त्या आठवड्यात न्यू डेल्डनची जेवणं बिघडली. एका घरी मुलीने वारलेल्या आजोबांसाठी रोज एक ताट मांडायला सुरुवात केली आणि काढू देईना. एका घरी दोन भावांनी प्रार्थनेला मान झुकवायचं नाकारलं. मंडळीच्या वडीलधाऱ्यांपैकी टेन हाकन धान्याच्या गिरणीचे मालक, प्रार्थना लांबवण्याबद्दल प्रसिद्ध. त्यांचा सहा वर्षांचा नातू मधेच म्हणाला, "आजोबा, तुमची काठी कुठाय?"

मंगळवारी दुपारी चार वाजता पाळक व्हॅन रूकेल आणि टेन हाकन हार्लनच्या दारात उभे राहिले. वर्षातून एकदा वडीलधारे जोडीने प्रत्येक घरी येतात, कॉफी पितात आणि विचारतात, देवाशी आणि शेजाऱ्यांशी तुमचा सलोखा आहे ना. वियर्समांची पाळी फेब्रुवारीत असायची. नोव्हेंबरात आले म्हणजे कशासाठी ते पोर्चवरच्या कुत्र्यालाही कळलं. तरी अलिडाने खजुराचे बार्स कापले, कॉफी ओतली, आणि टेन हाकनने पहिला बार संपवून दुसरा घेईपर्यंत हवापाण्याच्याच गोष्टी झाल्या.

पाळक तरुण होते, वाईट माणूस नव्हते. कप बशीत नीट ठेवून म्हणाले, "अलिडाबाई, तुमच्यावर कुणाचा राग नाही. पण एक्केचाळीस मुलांची घरं आहेत. मला त्यांना काही तरी सांगावं लागेल."

"मी काम सोडते," अलिडा म्हणाली.

"तसं नको. लोक विचारतील का सोडलं."

"अगं, वय होतं माणसाचं," टेन हाकन म्हणाले. शाळेत ते तिच्या एक वर्ष पुढे होते आणि अजून पुढेच असल्यासारखे बोलायचे. "दुपारचा खेळ, आत उबदार. डोळा लागला असेल तुझा. माझा तर यांच्या प्रवचनाला लागतो, तिसऱ्या गोळीनंतर."

पाळक कसनुसं हसले. "तसं लिहिलं तर सगळ्यांना पटेल. पाहणाऱ्याचा डोळा लागला, आकडे चुकले. मर्ना पुन्हा जाऊन मोजेल."

"मी जागी होते," अलिडा म्हणाली.

टेन हाकननी हातातला बार बशीत ठेवला.

"मग मोजलं का नाहीस?" टेन हाकननी विचारलं. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

अलिडाने तोंड उघडलं. एकोणीस वर्षं ते वाक्य तिच्या घशाशी तयार होतं, फार मोठं नव्हतं. तिने हार्लनकडे पाहिलं. तो कपात बघत होता. कप त्याने दोन्ही हातांनी धरला होता. गुरांच्या बाजारात गिऱ्हाइकाने विचारायच्या आधी डुकराचा लंगडा पाय दाखवणारा माणूस तो. आयुष्यात खोटं बोलला असेल तर कुणाच्या स्मरणात नव्हतं.

"डोळाच लागला असेल," हार्लन म्हणाला. "हल्ली लागतो तिचा."

अलिडाने तोंड मिटलं.

पाळकांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. त्यांनी प्रार्थना केली, थोडक्यात आटपली. टेन हाकननी नातवासाठी दोन बार्स रुमालात बांधून घेतले. जाताना पाळक दारात म्हणाले, "पुढेही तुम्हाला त्रास नको. मर्नाचे डोळे तरुण आहेत." बाईवर उपकार करत असल्यासारखं ते म्हणाले, आणि त्यांना तसंच वाटत होतं.

गाडी रस्त्याला लागली. साडेपाचला बाहेर अंधारून आलं, तशी अलिडाने ताटं वाढली. डुकराचं मांस, उकडलेले बटाटे, ग्रेव्ही, घेवडा. ती बसली. हार्लन बसला. त्याने हात जुळवले, मान झुकवली, आणि तिने डोळे मिटले.

काहीच ऐकू आलं नाही.

तिने थोडा वेळ वाट पाहिली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. मग एकोणीस वर्षांत प्रथमच, किंवा कदाचित आयुष्यातच प्रथम, तिने प्रार्थनेत डोळे उघडले. हार्लनची मान झुकलेली होती, ओठ हलत होते, आणि आवाज येत नव्हता. पहिला शब्द येई आणि परत जाई.

"मला येत नाहीये," तो म्हणाला.

खुर्ची मागे सरकली. जाळीच्या दाराची स्प्रिंग ताणली, दार आपटलं.

अलिडाचे हात आपसूक उठले. तिने त्याच्या ताटावर दुसरं ताट उपडं घातलं, ओव्हनचं दार उघडलं, बटण मंद आचेवर फिरवलं. आतला दिवा लागला, गरम हवा तोंडावर आली. ताट हातात घेऊन ती तशीच वाकून उभी राहिली. मग ओव्हनचं दार ढकललं, खुंटीवरचा कोट अंगावर चढवला आणि ताट घेऊन बाहेर पडली. उजव्या खिशातल्या गोळ्या चालताना वाजत होत्या. तिने अजून काढल्या नव्हत्या.

कोठी कधीच पाडली होती. खालचं सिमेंटचं वर्तुळ राहिलं होतं. हार्लनने त्या जागी काही बांधलं नाही, काही ठेवलंही नाही. नांगर ठेवायला सगळ्यात सोयीची जागा असून. तो वर्तुळाच्या काठाशी उभा होता, आत पाय न टाकता. शेतावरून वारा येत होता.

"तू सांगायला हवं होतंस त्यांना," तो म्हणाला.

"तू सांगू दिलं नाहीस."

"नाही दिलं." त्याने बुटाने सिमेंटचा काठ खरवडला. मग म्हणाला, "तो 'बरं' म्हणाला. उलटून काही बोलला असता तर मला सोपं गेलं असतं."

"त्याने ब्रेड नेला होता खिशात. मर्नाने पाहिलं."

हार्लनने तिच्याकडे पाहिलं. "खाल्ला?"

अलिडाला हो म्हणता आलं असतं. आजच्या दिवसात या घरात एक खोटं बोलून झालंच होतं.

"नाही," ती म्हणाली.

त्याने मान हलवली, बऱ्याच वेळा. वाऱ्याने त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि वाऱ्याने नव्हतं तरी ते कुणी विचारत नव्हतं.

"काय होतं त्या सिनेमात?"

"मेलेली माणसं जेवायला बसलेली असतात. ताटं झाकलेली. जेवा म्हणायला कुणी नसतं."

"मग?"

"एक चेटकीण येते आणि म्हणते."

"चेटकीण."

"हो. गुलाबी गोळी."

"मोजायला हवी होतीस," हार्लन म्हणाला. त्याच्या तोंडून हसण्यासारखा काही तरी आवाज निघाला आणि मोडला.

अलिडाने वरचं ताट उचललं. "जेव."

काटा आणायला ती विसरली होती. तो बोटांनी खायला लागला, उभ्या उभ्या, प्रार्थनेशिवाय, थंडीने आखडलेल्या हातांनी. ग्रेव्हीवर साय धरली होती. अर्धं खाऊन तो थांबला. एक बटाटा आणि मांसाचा तुकडा ताटात राहू दिला. तिच्या हातातलं दुसरं ताट घेऊन ते नीट वर झाकलं, आणि दोन्ही तिच्याकडे दिली.

"ओव्हन चालू आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"बंद कर आता," तो म्हणाला, आणि तिच्या आधी घराकडे चालायला लागला.